कोपऱ्यातलं नाव

अंक उघडला की मी आधी नावं वाचतो. कथा, चित्रं, शाई, रंग, अक्षरं, संपादन. सुपरहिरोंच्या अमेरिकन मासिक अंकांत ही नावं कधी पहिल्याच पानावर असतात, तर कधी तीन-चार पानांचा प्रसंग होऊन गेल्यावर शीर्षकाच्या खाली बारीक अक्षरांत. वाचणारा तिथे सहसा रेंगाळत नाही. त्याला पुढचं पान हवं असतं आणि त्यात काही चूक नाही. पण परीक्षण लिहायला बसलो की मी वहीच्या कोऱ्या पानावर ही नावं उतरवून घेतो आणि प्रत्येक नावाखाली चार-चार ओळी मोकळ्या सोडतो. अंक वाचून झाला आणि एखाद्या नावाखाली लिहायला काहीच सुचलं नाही, तर मी अंक नीट पाहिलेला नाही. मग पुन्हा पहिल्या पानापासून.

ही सवय मला फार उशिरा लागली, आणि ती आबांमुळे लागली.

२०२४ च्या मार्चमध्ये डार्क हॉर्स या अमेरिकन प्रकाशकाने ‘हेलन ऑफ विंडहॉर्न’ ही सहा अंकांची अद्भुतकथा सुरू केली. लेखक टॉम किंग. काळ १९३० च्या दशकातला. हेलनचे वडील रानटी योद्ध्याच्या साहसकथा लिहून नाव कमावलेले लेखक. त्यांनी आत्महत्या केली आहे, आणि दारूत बुडालेली ही पोरकी मुलगी आजोबांच्या अवाढव्य वाड्यात आणली जाते. तिच्यासाठी नेमलेली शिक्षिका लिलिथ आपल्याला सगळी हकिगत सांगते. आजोबा मधूनच कुठे नाहीसे होतात, वडिलांनी कागदावर उतरवलेल्या त्या रानटी जगाचा या घराशी काय संबंध, असं हळूहळू उलगडत जातं. पहिला अंक वाचून मी भारावलो आणि त्याच रात्री हजारभर शब्द लिहून काढले. बाप गेल्यावर त्याची पुस्तकं मुलीला कशी वाचता येतील, लिलिथच्या बोलण्यातला कोरडा जिव्हाळा कुठून येतो, असं बरंच काही.

माझं लिहिलेलं मी आबांना वाचून दाखवतो. त्यांना कॉमिक्समधलं फारसं कळत नाही, पण ते ऐकून घेतात. त्या दिवशीही शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “चित्रं देखणी हायत म्हणून लिवलंयस न्हवं? कुणी काढली?”

मी कागद पुन्हा चाळला. ‘चित्रं देखणी आहेत’ हे वाक्य होतं. नाव नव्हतं.

नाव होतं बिल्किस एवेली. ब्राझीलची चित्रकार. रंग दिले होते माटेउस लोपेस या तिच्याच देशाच्या कलावंताने, आणि अक्षरं क्लेटन कोल्सची. ज्या अंकाने मला रात्री जागवलं, त्यातल्या तीन माणसांना मिळून मी तीन शब्द दिले होते. आबा आणखी काही बोलले नाहीत. पण ते असं का विचारतात हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

आबांनी आयुष्यभर कोल्हापुरात पाट्या रंगवल्या. पत्र्यावर आधी रेड ऑक्साइडचा हात, तो वाळला की घासायचा, मग पांढऱ्या एनॅमलचे दोन हात. खडूची दोरी ताणून टिचकी मारली की पत्र्यावर सरळ रेघ उठायची; तशा दोन रेघा, एक वर, एक खाली. मग बोटांनी माप घेत अक्षरांच्या जागा ठरवायच्या. ‘म’ला जास्त जागा लागते, ‘र’ला कमी, आणि जोडाक्षर आलं की सगळा हिशोब पुन्हा. डाव्या हातात एक काठी, तिच्या टोकाला चिंध्यांचा गोळा. ते टोक पत्र्याला टेकवायचं आणि काठीवर उजवं मनगट ठेवून खारीच्या केसांच्या ब्रशाने अक्षर ओढायचं. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, एका दमात. ती ओढताना ते श्वास रोखायचे, आणि शेजारी डबा धरून उभा असलेला मीही.

पाटी पुरी झाली की खालच्या उजव्या कोपऱ्यात दोन बोटं रुंदीची सही. एवढीच त्यांची जाहिरात.

मी दहा वर्षांचा असताना एका कापडदुकानाची अठरा फुटी पाटी आबांनी केली. नऊ दिवसांचं काम. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती वर चढली आणि मालकाने खालून बघून सांगितलं, ते कोपऱ्यातलं नाव पुसा, पाटी आमच्या दुकानाची आहे. आबा शिडीवर चढले आणि पांढऱ्या रंगाचा एक हात त्या नावावरून फिरवून खाली आले. पैसे पूर्ण मिळाले. घरी येताना ते बोलले नाहीत. त्यानंतर मी शाळेत जाताना रोज त्या पाटीकडे बघायचो. ऊनपाऊस खाऊन वरचा पांढरा हात विरत गेला, आणि दोनेक वर्षांनी आबांचं नाव खालून पुसट दिसायला लागलं. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, एकच हात मारलेला, म्हणून.

त्याच वयात मी इंद्रजाल कॉमिक्स वाचत होतो. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. आमच्याकडे नवे अंक विकत घ्यायची पद्धत नव्हती. रद्दीच्या दुकानात गठ्ठ्यांतून हुडकायचे किंवा चार आणे भाड्याने आणून संध्याकाळच्या आत परत करायचे. महाबली वेताळ, मँड्रेक, आणि आपला बहादूर. भगवा कुर्ता आणि निळी जीन्स घातलेला बहादूर १९७६ मध्ये आला. तो आबिद सुरतींनी निर्माण केला आणि चित्रांत उभा केला गोविंद ब्राह्मणियांनी. इंद्रजालची कितीतरी मुखपृष्ठंही ब्राह्मणियांचीच. ज्या मुखपृष्ठासाठी मी भर उन्हात रद्दीचा गठ्ठा उपसत बसायचो, ते काढणाऱ्या माणसाचं नाव मला वयाच्या तिशीत कळलं. घरात एक पाट्या रंगवणारा माणूस असून, हे चित्र कुणी काढलं असेल असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

नावाची ही लढाई कॉमिक्सच्या धंद्यात पहिल्या दिवसापासून आहे. सुपरमॅन १९३८ मध्ये आला. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन पोरांनी त्याचे हक्क १३० डॉलरला विकले, आणि त्यांची नावं त्याच्याशी कायमची जोडली जायला १९७५ साल उजाडावं लागलं. बॅटमॅनची कथा त्याहून कडू. १९३९ मधल्या पहिल्या गोष्टीपासून श्रेय एकट्या बॉब केनचं, तसा त्याचा करारच होता. पण ती गोष्ट लिहिली होती बिल फिंगरने. टोकदार कानांचा मुखवटा, पंखांसारखा झगा, अंधारात मिसळणारे मळकट रंग आणि त्याच्या शहराचं गॉथम हे नाव, यातलं कितीतरी फिंगरचं. तो १९७४ मध्ये गेला. ‘बिल फिंगरसह’ हे शब्द बॅटमॅनच्या श्रेयनामावलीत आले २०१५ मध्ये, तेही त्याच्या नातीने आणि इतर काहींनी पाठपुरावा केला म्हणून. शहात्तर वर्षं. हा आकडा मी लिहितो तेव्हा मला तो पांढरा हात आठवतो. इथे तो पुन्हा पुन्हा मारला गेला होता.

तर नव्या अंकाचं परीक्षण म्हणजे काय, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर इथून सुरू होतं.

बॅटमॅनची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गल्लीत आईवडील मारले जातात, पोरगा मोठा होऊन वटवाघळाच्या वेषात गुन्हेगारांमागे लागतो. पंचाऐंशी वर्षं सांगून झालेल्या गोष्टीत ‘पुढे काय झालं’ एवढंच लिहिणारं परीक्षण कशाला वाचायचं? कीर्तनाला जाणाऱ्या बाईला सीताहरण माहीत असतं. ती बुवा कसं सांगतात ते ऐकायला जाते. कुठे थांबले, कुठे आवाज खाली आणला, झांजा कुठे वाजल्या. परत येऊन शेजारणीला ती ‘रावण आला आणि सीतेला घेऊन गेला’ असं सांगत नाही. ‘आज बुवांनी जटायू असा काही उभा केला!’ असं सांगते. मला परीक्षण म्हणतात ते हेच वाटतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, हीच गोष्ट पहिल्यापासून नव्याने मांडणाऱ्या ‘अ‍ॅब्सोल्युट बॅटमॅन’चा पहिला अंक आला. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रं निक ड्रॅगोटा, रंग फ्रँक मार्टिन, अक्षरं पुन्हा क्लेटन कोल्स. त्याची मागणी एवढी की तो पुन्हा पुन्हा छापावा लागला. इथे ब्रूस वेन धनाढ्य नाही. बाप शाळामास्तर होता आणि मुलांची सहल घेऊन प्राणिसंग्रहालयात गेला असताना गोळीबारात गेला. आई जिवंत आहे. ना हवेली, ना तळघर. खाष्ट, थकलेला आल्फ्रेड इथे नोकर नाही, ब्रिटिश हेर आहे, आणि गोष्ट त्याच्या तोंडून येते. हे सगळं स्नायडरचं, आणि चोख आहे.

पण पहिल्या वाचनात मला हा बॅटमॅन बघवला नाही. केवढं ते शरीर! खांदे दरवाजात मावणार नाहीत एवढे रुंद, मान जवळपास नाहीच, आणि छातीवरचं वटवाघूळ म्हणजे नुसती काळी चौकोनी लादी. व्यायामशाळेची जाहिरात वाटली. वहीत ड्रॅगोटाच्या नावाखाली मी लिहिलं: ‘बेढब.’ तीन ओळी उरल्या होत्या म्हणून पुन्हा पहिल्या पानापासून बसलो. आणि मग दिसलं. ज्याच्याजवळ पैसा नाही, गाडी नाही, बटलर नाही, त्याचं हत्यार त्याचं शरीरच असणार. छातीवरची ती लादी निघते आणि कुऱ्हाडीचं पातं होते. वेषाचा एकेक तुकडा कामाचा आहे, गवंड्याच्या थैलीतल्या अवजारांसारखा. नेहमीचा बॅटमॅन सावलीतून येतो. हा भिंत चालत आल्यासारखा येतो. वर्गातल्या सगळ्या मुलांदेखत ज्याचा बाप गेला, त्या पोराने स्वतःची भिंत बांधली आहे. लेखकाने ते वाक्यात कुठेही म्हटलेलं नाही. ते ड्रॅगोटाने खांद्यांच्या रुंदीत सांगितलं आहे. ‘बेढब’ मी खोडलं नाही, त्याच्या पुढे लिहिलं: ‘आणि म्हणूनच.’

त्या महिन्यातच ‘अ‍ॅब्सोल्युट वंडर वुमन’ आला. केली थॉम्पसनची कथा, हेडन शर्मनची चित्रं, जॉर्डी बेलेअरचे रंग, बेका कॅरीची अक्षरं. नरकात वाढलेली वंडर वुमन ही घोषणा ऐकूनच मी नाक मुरडलं होतं. विकण्यासाठी काढलेली टूम वाटली. अंकात अपोलो एक तान्हं बाळ सर्सी या चेटकिणीच्या पदरात टाकून जातो. तिला ते नको असतं. शर्मनने काळोख केवढा काढलाय आणि त्यात बाळ केवढंसं! तेच बाळ मोठं होऊन वंडर वुमन, म्हणजे डायना, झालेलं; ती हाडांच्या सापळ्याच्या उडत्या घोड्यावर बसून येते, हातात तिच्याहून मोठी वाटणारी तलवार. एक हात तिने गमावला आहे, आणि कुणासाठी ते पुढच्या अंकांत कळतं तेव्हा काळजात कळ येते. इतक्या भयाण सामानातून मायेची गोष्ट उभी राहते. २०२५ मध्ये या मालिकेला सर्वोत्तम नव्या मालिकेचा आयस्नर, हा कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार मिळाला. मला त्या आधीच माझं मुरडलेलं नाक सरळ करावं लागलं होतं, आणि तसं मी लिहिलंही.

पहिल्या अंकाचं परीक्षण लिहिताना हात जरा जड होतो, त्याला धंद्यातलं कारण आहे. पूर्वी अमेरिकेत कॉमिक्स पेपरच्या स्टॉलवर मिळायची आणि न खपलेले अंक प्रकाशकाकडे परत जायचे. १९७० च्या दशकात खास कॉमिक्सची दुकानं वाढली आणि सौदा बदलला: दुकानदाराला जास्त सूट, पण उरलेला माल त्याच्याच गळ्यात. तो मागणी आधी नोंदवतो, पाच डॉलरच्या आसपासचे किती अंक मागवायचे हे अंदाजाने ठरवतो. पहिला अंक वाचकाच्या हातात पडतो त्या सुमाराला पुढच्या अंकाची मागणी देऊनही झालेली असते. नव्या, नवख्या मालिकेचा अंदाज चुकला की पुढची मागणी घटते, आणि चार-पाच अंकांत मालिका गुंडाळली जाते. बॅटमॅनला याने काही होत नाही. पण एखाद्या लहान प्रकाशकाच्या अद्भुतकथेबद्दल मी आळसाने ‘ठीकठाक’ लिहितो, तेव्हा त्या शब्दाचं ओझं कुणावर पडतं ते मला माहीत असायला हवं. वाईट असेल तर वाईट लिहावं, जरूर लिहावं, पण चार-चार ओळी भरल्यावर.

आणि पान उलटण्याचा क्षण फोडू नये. वीस-बावीस पानांत चित्रकार एक-दोनच मोठे धक्के देऊ शकतो, आणि तो ते डाव्या पानावर ठेवतो. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कुणीतरी वर बघतं, तुम्ही पान उलटता, आणि अख्ख्या पानभर ते समोर असतं. तो क्षण वाचकाने स्वतःच्या बोटाने घडवायचा असतो. परीक्षणात ते चित्र चिकटवून देणारे लोक आहेत. मला त्याचा खरोखर राग येतो.

दहापैकी गुण देणंही मी बंद केलंय. कशाला साडेसात? रंगांना नऊ आणि संवादांना सहा, म्हणून?

‘हेलन’चं परीक्षण मी पुन्हा लिहिलं, सहावा अंक आल्यावर. या वेळी प्रत्येक पान दोनदा पाहिलं; एकदा संवाद वाचत, एकदा संवादांवर बोट ठेवून. एवेलीची रेघ केसासारखी बारीक आहे, आणि एकाच पानावर ती हजारदा वळते: झाडांच्या साली, पडद्यांच्या चुण्या, हेलनचे न विंचरलेले केस. आधी वाटतं ही नुसती नक्षी आहे. मग लक्षात येतं की वाड्यातली रेघ आणि त्या पलीकडच्या जगातली रेघ एकाच हाताची, एकाच बारकाईची आहे. ती पलीकडच्या जगाला स्वप्नासारखं धूसर करत नाही. तिथला राक्षस आणि इथली चहाची किटली दोन्ही तेवढेच खरे. बापाने खोट्या गोष्टी लिहिल्या की खऱ्या, या हेलनच्या सगळ्यात दुखऱ्या प्रश्नाचं उत्तर चित्रांनी आधीच देऊन ठेवलं आहे. लोपेसचे रंग त्या बारीक रेघेवर कुठेही बसत नाहीत, तिच्या खालून वाहतात, जुन्या पुस्तकातल्या पिवळटलेल्या चित्रासारखे. हे सगळं पहिल्या अंकातही होतं. मी ‘देखणी’ म्हणून पुढे गेलो होतो.

गेल्या पावसाळ्यात आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिन्याभराने डोळा निवळला तेव्हा एका दुपारी मी टॅब्लेट त्यांच्या मांडीवर ठेवला आणि ‘हेलन’चं एक पान उघडून दिलं. ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं चित्र बघतायत. बोट टेकवलं ते संवादाच्या फुग्यावर.

“अक्षराभोवती जागा सोडल्या बघ. सगळीकडनं सारखी. आन् फुगा असा ठेवलाय की बाईच्या हातावर येत न्हाई.”

मी म्हटलं, “आता हे कॉम्प्युटरवर करतात, आबा.”

“कॉम्प्युटर काय आपसूक करतोय व्हय? कुठं ठेवायचं ते कुणीतरी ठरीवलं असंल की.” मग थोड्या वेळाने, “नाव हाय का त्याचं?”

आहे म्हटलं. पानं मागे सरकवत नावांच्या पानावर आलो आणि दोन बोटांनी ओळ मोठी केली, इतकी की एकेक अक्षर अंगठ्याएवढं झालं. आबा इंग्रजी सलग वाचत नाहीत. पाटीचं काम आलं की कागदावरून एकेक अक्षर उतरवून घ्यायचे, तसंच त्यांनी नावाखालून बोट फिरवत नेलं. सी. एल. ए. वाय. शेवटच्या अक्षरापर्यंत गेले आणि परत पहिल्यावर आले.

“सी झकास वळवलाय,” म्हणाले.